तेरा टक्के कुठे गेले?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. केसांचे तेल, टूथपेस्ट, शांपू यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चिंचणीसारख्या गावातील गिऱ्हाईक चोखंदळ असते. वाणगाव-बोईसरचे भाव त्याला तोंडपाठ असतात. ‘शेठ, कर तेरा टक्के उतरला, मग २३६ रुपयांच्या तेलाच्या बाटलीवर तेरा टक्के का सोडत नाही?’ असा सवाल त्याने केला, तर दुकानदाराजवळ चोख उत्तर हवे.

कर हा छापील किमतीवर नसतो, मूळ किमतीवर असतो. मूळ किमतीचे १०० भाग कल्पिले, तर कराचे १८ आणि गिऱ्हाइकाने द्यावयाचे ११८ भाग. बाटली लहान असो वा मोठी, हे प्रमाण ढळत नाही. म्हणून २३६ रुपयांत मूळ किंमत २०० आणि कर ३६. नव्या दराने कर १० रुपये, बाटली २१० रुपयांस. सव्वीस रुपये उतरले खरे. पण ते २०० चे तेरा टक्के आहेत, २३६ चे सुमारे अकराच.

भिडेखातर कोणी २३६ वर तेरा टक्के सोडलेच, तर हाती २०५.३२ रुपये येतात. त्यांतून ५ टक्के कर वजा जाता उरतात १९५.५४. बाटलीमागे ४.४६ रुपये नफ्यातून गेले. पन्नास बाटल्यांमागे २२३. पातळ नफ्याच्या मालात ही रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

हीच चूक उलट्या दिशेनेही होते, आणि ती अधिक फसवी, कारण तिथे हटकणारे गिऱ्हाईक नसते. १८ टक्के दराच्या मालाची करासह विक्री ११,८०० रुपये झाली. घाईत तिचेच १८ टक्के काढले, तर कर २,१२४ दिसतो. वास्तविक तो ११,८०० चा ११८ वा भाग गुणिले १८, म्हणजे १,८०० होय. ३२४ रुपये फुकट भरले जातात.

जुन्या पेढ्यांवर याला त्रैराशिक म्हणत. ११८ ला १८, तर ११,८०० ला किती? जैन गणिती महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी रचलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त त्रैराशिकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. योगायोग असा, की खुद्द चिंचणीस सापडलेल्या ताम्रपटांत त्याच घराण्यातील तिसऱ्या इंद्राचा शके ८४८ चा ताम्रपट आहे.

आजचे संगणकीय बिल हा हिशेब क्षणात करते. मात्र ‘करासह’ आणि ‘कराविना’ यांतले कोणते बटण दाबावे, हे त्याला गल्ल्यावर बसलेल्यानेच सांगावे लागते. शाळेतून आलेल्या मुलाला तिथे तासभर बसवून १८ टक्क्यांसाठी ११८ ने आणि ५ टक्क्यांसाठी १०५ ने भागावयास लावले, की पुढल्या खेपेस गिऱ्हाइकाला उत्तर तोच देतो.