पराईचा ठोका, गिटारची साथ : मद्रासच्या एका बँडकडून काय घ्यावे?

"आताच्या गाण्यांत पूर्वीचा दम राहिला नाही," ही तक्रार आपल्या घराघरांत ऐकू येते. ज्यांनी लोककवी वामनदादा कर्डकांना समोर बसून ऐकले, प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज ऐकला, शाहीर विठ्ठल उमपांचा पोवाडा अनुभवला, त्यांना आजचा धडधडाट सोसवत नाही. घरातली तरुण मुले मात्र म्हणतात, "तुमचे तेच ते जुने. जमाना बदलला आता." दोघेही थोडे बरोबर आहेत आणि थोडे चुकतात. संगीताचा कस त्याच्या जुनेपणावर वा नवेपणावर ठरत नाही. शब्द कानापर्यंत पोचतो का, वाजवणाऱ्याच्या हातात तयारी आहे का, आणि त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला माणूस म्हणून मान मिळतो का, या तीन प्रश्नांवर तो ठरतो.

हे तिन्ही प्रश्न ज्यांच्या गाण्याने एकदम पुढे आणले, असा एक आधुनिक बँड मद्रासमध्ये म्हणजे चेन्नईत उभा राहिला. त्याचे नाव 'द कास्टलेस कलेक्टिव्ह', म्हणजे जात नसलेल्यांचा संच. आपल्या वस्तीतली कॉलेजात जाणारी मुले मोबाईलवर त्यांची गाणी ऐकतात, भाषा कळत नसताना ठेका धरतात. ती मुले नेमके काय ऐकतात, हे वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावे म्हणून हा लेख.

बँड, पण वरातीतला नव्हे

आपल्याकडे बँड म्हटले की लाल कोट घातलेले, पिपाण्या वाजवत वरातीपुढे चालणारे लोक डोळ्यांपुढे येतात. येथे अर्थ वेगळा आहे. गाणारे, वाजवणारे व गाणी लिहिणारे एकत्र येतात, महिनोन् महिने तालीम करतात आणि स्वतःची गाणी स्वतःच्या नावाने रंगमंचावर सादर करतात, तो हा बँड. तसे पाहिले तर आपली गायन पार्टी दुसरे काय होती? १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांचे जलसे गावोगाव फिरत होते. त्या संचातही लिहिणारे, गाणारे, वाजवणारे एकाच चळवळीचे होते. तेव्हा हा प्रकार आपल्याला परका नाही. फक्त पेटीच्या जागी गिटार आली आहे.

हा बँड उभा करण्यात पुढाकार होता चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांचा. रजनीकांतचा 'काला' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. २०१८ साली आलेला, मुंबईच्या धारावीवरचा तो चित्रपट त्यांचाच. त्यांच्या 'नीलम कल्चरल सेंटर' या संस्थेने आणि तेन्मा या संगीतकाराने मिळून चेन्नईच्या वस्त्यांतून गायक-वादक शोधले. सुरुवातीला १९ जणांचा संच झाला. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला गेलेल्या आपल्या बांधवांवर हल्ले झाले, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्याच आठवड्यात, ६ जानेवारीला, चेन्नईच्या किलपॉक भागात या बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. सगळे कलावंत सुटाबुटात उभे होते. बाबासाहेबांचा सूट आपल्या समाजासाठी काय सांगतो, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

नावामागचा इतिहास

'कास्टलेस' हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचे मूळ तमिळ मातीत आहे. पंडित अयोथी दास (१८४५ ते १९१४) हे मद्रासमधील सिद्ध वैद्य, पत्रकार आणि विचारवंत. अस्पृश्य मानले गेलेले लोक मुळात जातिभेद न मानणारे तमिळ आहेत आणि ते पूर्वीचे बौद्ध आहेत, अशी त्यांची मांडणी होती. १८९८ साली त्यांनी सिलोनला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. १९०७ पासून ते एक पैसा किमतीचे साप्ताहिक चालवत होते. नागपूरच्या १९५६ च्या धम्मक्रांतीच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. बँडचे नाव त्यांच्या 'जातिभेद नसलेले तमिळ' या कल्पनेवरून घेतले आहे. गिटार वाजवणारी ही मुले हवेतून उतरलेली नाहीत. त्यांच्या पाठीशी शंभरावर वर्षांची वैचारिक परंपरा आहे.

पराई आणि आपली हलगी

बँडमध्ये गिटार, बेस गिटार, ड्रमसेट ही पाश्चात्त्य वाद्ये आहेत. त्यांच्याच बरोबरीने पराई आणि सट्टी ही तेथील लोकवाद्येही आहेत. पराई म्हणजे थेट आपल्या हलगीची बहीण. गोल कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. वाजवण्यापूर्वी जाळावर शेकून कातडे ताणून घ्यायचे, मग ते टणत्कार देते. या वाद्यावरूनच तेथील एका मोठ्या अस्पृश्य जातीला 'परैयर' हे नाव पडले, आणि बहिष्कृत माणसासाठी इंग्रजांनी जो शब्द वापरला तोही तेथूनच उचलला.

आपल्या वडीलधाऱ्यांना हलगीची आठवण गोड वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. वरात असो, जत्रा असो की मयत, वाजवायला बोलवायचे आणि मांडवाबाहेर उभे करायचे, शिळे-पाके पदरात टाकायचे, ही गावकीची रीत होती. धर्मांतराच्या लाटेत आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली आणि त्याबरोबर वाजवणेही टाकले. ते स्वाभिमानाचे पाऊल होते. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग ही चेन्नईची मुले तेच वाद्य परत हातात का घेतात? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर असे, की येथे कोणी बोलावून बाहेर उभे केलेले नाही. वादक रंगमंचाच्या मध्यभागी आहे. काय वाजवायचे ते तो ठरवतो, त्याचे नाव जाहीर होते, त्याला मानधन मिळते. पराई वाजू लागते तेव्हा गिटारवाला तिच्या ठेक्याला साथ करतो. सक्तीचे वाजवणे आणि आपल्या मर्जीने वाजवणे यांत गुलामी आणि कला यांच्याइतके अंतर आहे. आपले मातंग बांधव पिढ्यान् पिढ्या जी हलगी, सनई वाजवत आले, त्यांच्या हातातले कसबही याच नजरेने पाहायला हवे.

कसब कशात आहे?

या बँडचा पाया 'गाना' हा प्रकार आहे. हिंदीतला गाना नव्हे. उत्तर चेन्नईतील हमाल, रिक्षावाले, गोदी कामगार यांच्या वस्त्यांत जन्मलेले हे गाणे आहे. मयताच्या रात्री जागरणाला तो गायला जातो, जसे आपल्याकडे रात्रभर भजन चालते. अंगठीने वा बोटांनी हाताशी असेल त्या वस्तूवर ठेका धरायचा आणि मेलेल्याच्या आयुष्यावर पदे रचायची. सभागृहातल्या शास्त्रीय गायकांनी त्याला कधी संगीत मानले नाही. या बँडने त्या गान्याला रॉक आणि रॅपची जोड दिली. रॅप म्हणजे ठेक्यावर वेगाने म्हटलेले बोल. आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबाला सरावलेल्या कानाला ते अवघड नाही.

आरक्षण, ऑनर किलिंग, खाण्याचा हक्क, स्त्रियांचा मंदिरप्रवेश असे त्यांचे विषय. इसैवाणी ही त्यांची गायिका. पुरुषांच्याच मानल्या गेलेल्या गाना प्रकारात नाव मिळवणारी ती पहिली स्त्री समजली जाते. २०२० साली बीबीसीने जगातील शंभर उल्लेखनीय स्त्रियांच्या यादीत तिला स्थान दिले. मंदिरप्रवेशावरच्या गाण्यासाठी तिला धमक्या सोसाव्या लागल्या. आपल्या लेकींना ही हकिकत जरूर सांगावी.

एवढी वाद्ये असूनही त्यांच्या गाण्यात शब्द हरवत नाही, हे खरे कसब. गायक बोलतो तेव्हा ड्रम मागे सरकतो. पद संपले की पराई पुढे येते. एकमेकांना जागा देणे ही तालमीची कमाई आहे, यंत्राचे बटन दाबून ती मिळत नाही.

भाषेची अडचण सोलापूरकरांनी सांगू नये. आपल्या भवानी पेठेत एका दारात तेलुगू, दुसऱ्या दारात कन्नड, तिसऱ्या दारात मराठी बोलतात. न कळणाऱ्या भाषेतले सुख-दुःख ओळखण्याची आपल्या कानाला सवय आहे.

शब्द कोणाचे?

बँडमधील अरिवू हा कवी व रॅपर. मार्च २०२१ मध्ये 'एंजॉय एंजामी' हे त्याने लिहिलेले आणि धी या गायिकेसोबत गायिलेले गाणे जगभर गाजले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणींतून, भूमिहीन माणसाच्या वेदनेतून त्याने ते रचले. पुढे एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर धीचे छायाचित्र आले, अरिवूचे आले नाही. पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला, चाहत्यांनी आवाज उठवला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ निघाले. चाहता असावा तर असा!

आता आपल्याकडे पाहू. वामनदादांनी हजारो गीते रचली. त्यांतली कितीतरी आपण रोज गुणगुणतो, पण लिहिणाऱ्याचे नाव विचारले तर उत्तर येत नाही. कॅसेटच्या जमान्यात आपले गाणे खेडोपाडी पोचले हे खरे, परंतु ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिला तो गायक. कवी मागेच राहिला. गाणे आवडले तर ते कोणी लिहिले, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, एवढे विचारण्याची सवय आपण घरातल्या मुलांना लावली पाहिजे.

आपल्या जयंतीचा जमाखर्च

मी कारकुनी करणारा माणूस. संगीत शिकलेलो नाही, पण जमाखर्चाची वही वाचता येते. कित्येक मंडळांच्या वहीत खर्चाची सर्वांत मोठी रक्कम आवाजाच्या भाड्याची असते. कलावंताच्या मानधनाचा रकाना मात्र कोरा राहतो. विडी वळणाऱ्या बहिणीच्या, यंत्रमागावर पाळी करणाऱ्या भावाच्या वर्गणीचा तो पैसा आहे. त्यातून आपण काय विकत घेतो?

सोलापूरच्या मागवाल्याला गोंगाट म्हणजे काय हे सांगायला नको. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि मागांच्या खडखडाटात ती सहज ओलांडली जाते. वर्षानुवर्षे त्यात राबलेल्यांना हळू बोललेले ऐकू येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली, हे ध्यानात घ्यावे. भिंतीएवढ्या पेट्यांतून निघणारा जाड, खालचा आवाज छाती हादरवतो, पण शब्द ओळखू येतो तो 'क', 'त', 'स' अशा बारीक, वरच्या ध्वनींमुळे. खालचा आवाज वाढला की हे बारीक ध्वनी त्याखाली बुडतात. म्हणजे गाणे भीमाचे असते, पण भीमाचा विचार कोणाला ऐकू येत नाही! जलशांनी जे काम कंदिलाच्या उजेडात, कर्ण्याशिवाय केले, ते आपल्याला हजारो वॅटमध्ये साधत नाही.

तरुणांना ठेका हवा असतो, नाचावेसे वाटते, यात गैर काही नाही. कास्टलेस कलेक्टिव्हच्या कार्यक्रमातही हजारो तरुण नाचले, आणि नाचता नाचता आरक्षणावरचे, जातीवरचे बोल पाठ करून घरी गेले. मुंबईत कबीर शाक्य आणि त्यांच्या साथीदारांच्या 'धम्मा विंग्ज' या बँडने गिटार-ड्रमवर बुद्ध-भीमाची गाणी केली. म्हणजे मराठीतही हे होऊ शकते.

तेव्हा येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एक ठराव करावा. आवाजाच्या भाड्यातून काही रक्कम कापून ती वस्तीतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुला-मुलींसाठी ठेवावी. तीन महिने आधी विहाराच्या खोलीत तालीम सुरू करावी. एखाद्या जुन्या गायन पार्टीतील ढोलकीवाल्या काकांना शिकवायला बोलवावे, त्यांना मानधन द्यावे. गिटार असलेला पोरगा असेल तर त्यालाही घ्यावे. एकीने एक नवे गीत लिहावे आणि कार्यक्रमात तिचे नाव सन्मानाने पुकारावे.

आणि मायबहिणींनो, त्या दिवशी पहिल्या रांगेत तुम्ही बसा. शब्द ऐकू आला नाही तर उठून तसे सांगा. आजचे संगीत चांगले व्हावे असे वाटत असेल, तर ऐकणाऱ्यालाही थोडे चोखंदळ व्हावे लागेल.

जयभीम!