गाडीला ओरखडा, जिवाला चटका

संकष्टीला केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन तुम्ही प्रसन्न मनानं गाडीपाशी येता, आणि बघता तर काय, दारावर चांगला वीतभर ओरखडा! करणारा केव्हाच पसार. बकासुराला भीमानं इथंच लोळवलं म्हणतात. पण या बकासुराला शोधायचं कुठं? त्यातून गाडी तुम्ही लावली असेल तर विचारूच नका. वर्धा येईपर्यंत यजमानांचं तोंड फुगलेलं!

तर मैत्रिणींनो, आधी शांतपणे पाणी ओतून धूळ घालवा. कोरडं फडकं घासलंत तर आणखी चरे पडतील. पुष्कळदा तो दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असतो, पॉलिशनं जातो. मग नख फिरवून बघा. अडकलं, पत्रा दिसला, तर पावसाळ्याआधी रंग लावून घ्याच; गंज धरला की खर्च वाढतो.

विम्यासाठी मात्र लगेच धावू नका. वर्षभर दावा केला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. एका ओरखड्यापायी दावा केलात की ती सगळी गेली! शिवाय ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते, ते वेगळंच. तेव्हा आधी रंगवणाऱ्याला खर्च विचारा, आकडे कागदावर मांडा, आणि तो कागद यजमानांपुढे ठेवा. चहाबरोबर.