बातमी लिहायलाही शिकावे लागते

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच चर्चा सुरू होते. मार्क चांगले पडले तर सायन्स, कमी पडले तर आय.टी.आय., मुलगी असेल तर नर्सिंग. पत्रकारितेचे नाव क्वचितच निघते आणि निघाले तर "पेपरात लिहून पोट भरते का?" हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. महिनाअखेरीस हातउसने घ्यावे लागणाऱ्या घराने पोटाचा विचार आधी करायचाच. परंतु आपण कोणाची लेकरे आहोत, याचाही विसर पडता कामा नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत'. पैशाची चणचण असतानाही त्यांनी हा खटाटोप केला, कारण वृत्तपत्राविना चळवळ मुकी राहते हे ते जाणून होते.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, पुलित्झर यांच्या देणगीतून तेथे पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले होते. बातमीदारी ही उमेदवारी करून उचलायची कला नसून शिकण्याची विद्या आहे, हे अमेरिकेने तेव्हाच मान्य केले. पण मोठ्या विद्यापीठाची फी गरिबाला कशी परवडणार? त्याचे उत्तर तेथील 'कम्युनिटी कॉलेज'ने दिले. इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे १९०१ साली असे पहिले सरकारी कॉलेज निघाले. आज देशभरात अशी सुमारे हजार कॉलेजे आहेत.

या कॉलेजांचे दार सर्वांना उघडे असते. दिवसा हॉटेलात भांडी घासणारा, दुकानात हिशेब लिहिणारा माणूस संध्याकाळी वर्गात बसतो. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, साठ युनिटांचा. कॅलिफोर्निया राज्यात तेथील रहिवाशांना २०१२ पासून युनिटला ४६ डॉलर फी आहे, म्हणजे साठ युनिटांचे २,७६० डॉलर. पुढे पदवीसाठी विद्यापीठात जाण्याची सोय आहे. त्या राज्याने २०१० साली कायदाच केला, की ठरावीक अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला राज्य विद्यापीठात जागा मिळावी. पत्रकारिताही त्यात आहे.

तेथे शिकवतात काय? बातमी लिहिणे, मुलाखत घेणे, संपादन, बदनामीचा कायदा. कॉलेजचे वृत्तपत्र विद्यार्थीच चालवतात. त्यासाठी ते नगरपालिकेच्या सभेत आणि कोर्टात जाऊन बसतात. दुसरा विषय 'कम्युनिकेशन', म्हणजे संवादाचा. चारचौघांत बोलावे कसे, गटात चर्चा करावी कशी आणि समोरच्याचे ऐकावे कसे, हे त्यात येते. जयंतीच्या मंडपात आपल्याकडे वक्त्यांना तोटा नसतो. ऐकून घेणारे मात्र कमी पडतात. तेही शिकावे लागते, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी.

अमेरिकेतील काळ्या लोकांनी १८२७ मध्येच न्यूयॉर्कला 'फ्रीडम्स जर्नल' हे स्वतःचे वृत्तपत्र काढले होते. तरी मोठ्या वृत्तपत्रांची दारे त्यांना बंदच राहिली. १९६७ च्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अहवाल दिला. वृत्तव्यवसायातील संपादकीय कामात काळे लोक शेकडा पाचही नाहीत, असे त्यात नमूद आहे. ज्याच्या वस्तीचा माणूस कचेरीत नाही, त्याच्या वस्तीची बातमी परक्याच्या नजरेने लिहिली जाते.

आपल्याला त्यासाठी अमेरिकेत जायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत त्या माऊलीच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडवले गेले. सत्य देशापुढे यायला कित्येक आठवडे लागले, तेही कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती गोळा केली म्हणून. त्या वेळी शिकलेला बातमीदार जवळ असणे किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदावर तारीख आणि आवक क्रमांक नसेल तर त्याला कचेरीत किंमत नसते, हे आम्ही रोज पाहतो. बातमीचेही तसेच आहे. अन्याय झाला, एवढे लिहून भागत नाही. कधी, कुठे, फिर्याद कोणत्या ठाण्यात, गुन्हा क्रमांक काय, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावले का, हे लिहावे लागते. बलात्कार झालेल्या भगिनीचे नाव छापणे गुन्हा आहे, हेही ठाऊक असावे लागते. नुसता संताप कागदावर उतरवला तर तो आपलेच लोक वाचतात. पुराव्यानिशी लिहिलेल्या बातमीची दखल अधिकाऱ्यालाही घ्यावी लागते.

मग आपल्या मुलांनी शिकावे कुठे? परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत फी कित्येक पटींनी जास्त पडते आणि शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी.साठी असते. तेव्हा बारावीनंतर तिकडे पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागून दागिने गहाण टाकू नयेत. नोकरदारांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढून सकाळचे वर्ग ठेवले. कम्युनिटी कॉलेजचा विचार तो आणखी वेगळा काय आहे? १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे काम सांभाळून शिकता येते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे शिक्षण मिळते. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेत मराठी पत्रकारितेची पदविका आहे. जातीचा दाखला व जात पडताळणीचे कागद आधीच तयार ठेवावेत, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज अडणार नाही.

पोटाचे म्हणाल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदाराचा पगार तुटपुंजा असतो, हे खरेच. परंतु या शिक्षणावर आकाशवाणी, शासनाचे माहिती खाते, भाषांतर, सामाजिक संस्था अशा वाटाही उघडतात. एका घराला हा भार झेपत नसेल तर तो विहाराने उचलावा. जयंतीला आपण डीजेवर एका रात्रीत जे उधळतो, त्यात वस्तीतील एका होतकरू मुलाची किंवा मुलीची वर्षाची फी भागेल. येत्या १४ एप्रिलची वर्गणी ठरवायला बसाल, तेव्हा त्या मुलाचे नाव पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा.