चाक मोठे, किलोमीटर खोटे!

अंबडच्या आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी मध्यंतरी चिंतेत होते. त्यांची मोटार लिटरमागे १६ किलोमीटर जात असे, ती एकाएकी जेमतेम सव्वापंधरावर आली. आता इंजिन उघडावे लागणार, असे त्यांच्या मनाने घेतले.

मी विचारले, "सर, गाडीत अलीकडे काही बदल केलात का?"

"काही नाही हो. टायर झिजले होते, म्हणून जरा मोठे घातले. खेड्यांच्या रस्त्यांवर गाडी खाली घासत नाही."

मित्रांनो, चोर येथेच सापडला! तो कसा, हे आता आपण गणिताने पाहू.

टायरच्या अंगावरचे आकडे तुम्ही वाचले आहेत का? सरांच्या जुन्या टायरवर '१६५/८० आर १४' असे होते. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८०, अर्थात १३२ मिलिमीटर. 'आर' हे टायरच्या रेडियल बांधणीचे चिन्ह, आणि १४ हा रिमचा व्यास, तोही इंचांत! १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की चाकाचा पूर्ण व्यास येतो ६१९.६ मिलिमीटर.

नवा टायर होता १८५/८० आर १४. याच रीतीने त्याचा व्यास येतो ६५१.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५.२ टक्के अधिक.

आता ध्यानात घ्या, मोटारीतील मापक रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. जुने चाक किलोमीटरला सुमारे ५१४ फेरे घेई, नवे ४८९ घेते. त्यामुळे गाडी १०० किलोमीटर गेली तरी मापक ९५च दाखवतो. पेट्रोल तेवढेच जळते, पण किलोमीटर कमी दिसतात. इंजिन निर्दोष होते!

मात्र गोष्ट येथे संपत नाही. मापक मुळात अचूक होता असे धरले, तर काटा ६०वर असताना गाडी ६३च्या वेगाने धावते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ब्रेक लावल्यावर गाडी दहा टक्के पुढे जाऊन थांबते. समोर एखादे मूल असेल तर? शिवाय चाक वळवताना मोठा टायर आतल्या पत्र्याला घासू शकतो. आणि एवढे करून गाडी उंच किती झाली? त्रिज्येतील वाढीइतकी, केवळ १६ मिलिमीटर!

मग मोठी रिम बसवूच नये का? १८५/६५ आर १५ चा व्यास काढून पाहा. तो येतो ६२१.५ मिलिमीटर, जवळजवळ पहिल्याइतकाच! रिम वाढली, पण भिंत बुटकी झाली. अर्थात टायरवरील भारांक कमी नसावा आणि गाडीच्या उत्पादकाने तो आकार मान्य केलेला असावा, हेही पाहिले पाहिजे.

आता तुमचा प्रयोग. सायकलच्या टायरवर खडूची खूण करा आणि चाकाचे दहा फेरे होतील इतकी सायकल ढकलत न्या. अंतर मोजा. नंतर मित्राला सायकलवर बसवून तेच करा. दोन्ही अंतरे सारखी येतात का? येत नसतील तर का? टायरमधील हवा कमी करून पुन्हा पाहा, उत्तर तुम्हालाच सापडेल.