घरच्या थीम केकची सजावट

प्रसंगाला साजेसा एखादा विषय घ्यायचा आणि तो आकारातून, रंगातून, खाण्याजोग्या नक्षीतून मांडायचा, हे थीम केकचे काम. बारशाला पाळणा, पहिल्या वाढदिवसाला जंगलातले प्राणी, पंचाहत्तरीला आजोबांच्या आवडत्या पुस्तकांची चळत, असे केक आता अनेक घरांत होतात. गोडातून प्रसंग सजवण्याची आवड मराठी घरांना जुनीच आहे. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने आणि लग्नाच्या रुखवतातले फराळाचे देखावे याच आवडीतून आले. केकवरची नक्षी मात्र आपल्याकडे बाहेरून आली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे लग्न 1840 साली झाले. तिच्या केकवर होते तसले पांढरेशुभ्र, कडक होणारे साखरेचे आवरण पुढे ‘रॉयल आयसिंग’ या नावाने ओळखले जाऊ लागले. 1843 मध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली आणि हलका, उंच फुगणारा केक घरच्या भट्टीतही जमू लागला. भारतात केरळमधील तलश्शेरीच्या मंबळ्ळी बापूंनी 1883 साली पहिला केक भाजला, असे सांगितले जाते.

आधी आराखडा

माणशी 80 ते 100 ग्रॅम केक पुरतो, म्हणजे एक किलोचा केक दहा-बारा जणांना होतो. चित्र कागदावर केकच्याच मापात काढून घ्यावे. सात इंचांच्या गोलात किती प्राणी मावतात, नावाला किती जागा उरते, हे तेव्हाच कळते. नवशिक्यांनी एकच ठळक वस्तू आणि दोन-तीन रंग घ्यावेत. बाहुलीचा केक शिकायला सोपा पडतो. खोलगट भांड्यात भाजलेला केक उपडा घातला की घागरा तयार होतो. आकड्याच्या केकलाही खास साचा लागत नाही. चौकोनी केक गार करून त्यावर कागदी आकडा ठेवायचा आणि धारदार सुरीने कापायचे.

केक भाजायला ओव्हनच हवा असे नाही. शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरच्या तळाशी मीठ पसरून, त्यात स्टँडवर भांडे ठेवूनही चांगला केक होतो. सजावट किती भार टाकणार आहे, त्यावर केकचा पोत ठरतो. व्हिप्ड क्रीमखाली मऊ स्पंज चालतो, पण फॉन्डंट, म्हणजे लाटून पांघरायचे साखरेचे आवरण, जड असल्याने त्याखाली लोण्याचा घट्ट केक लागतो. मऊ स्पंजवर फॉन्डंट घातला तर कडा खचतात. केक आदल्या दिवशी भाजून, पूर्ण निवल्यावर गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. गार केक सरळ कापला जातो आणि त्याचा चुराही कमी पडतो.

वरचा फुगवटा कापून केक सपाट करावा, आडवे तीन थर करावेत, प्रत्येक थरावर थोडे साखरेचे पाणी शिंपडावे आणि मध्ये क्रीम भरावे. मग सगळीकडून क्रीमचा पातळ हात फिरवून केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. सुटलेला चुरा या पहिल्या थरात अडकून बसतो आणि वरचा थर स्वच्छ येतो. घाईत ही पायरी गाळली की पांढऱ्या क्रीममध्ये तपकिरी कण दिसतात.

हवामान पाहून साहित्य

आपल्याकडे सजावटीचे साहित्य ऋतू पाहून निवडावे लागते. बटरक्रीममध्ये मीठ नसलेले बटर एक भाग आणि पिठीसाखर दोन भाग असते. चव उत्तम, पण बटर 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे उन्हाळ्यात बिनएसीच्या खोलीत बटरक्रीमची फुले टिकत नाहीत.

बहुतेक घरांत वापरले जाते ते व्हिप्ड क्रीम वनस्पती तेलापासून बनते. ते थोडे बर्फाळ असतानाच फेटावे लागते. फेटल्यावर ते जवळजवळ तिप्पट होते. भांडे आणि पाती आधी गार करून घेतल्यास काम सोपे जाते. दुधाची साय वापरायची तर तिच्यात सुमारे 35 टक्के स्निग्धांश हवा. बाजारात सहज मिळणाऱ्या 25 टक्क्यांच्या क्रीमला फेटून ताठपणा येत नाही.

उकाड्यात चॉकलेट गनाश अधिक भरवशाचे. दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग गरम क्रीम घेतले की आवरणाजोगे घट्ट गनाश होते. दोन्ही समभाग घेतले, तर कडेवरून ओघळ सोडता येतात.

पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन यांपासून बनलेला फॉन्डंट चपातीसारखा लाटून केकवर पांघरता येतो. जिलेटिन प्राणिजन्य असते, म्हणून शाकाहारी घरांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच फॉन्डंट घ्यावा. साखर हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात फॉन्डंट चिकट होतो. फ्रिजमधून काढल्यावर त्यावर पाण्याचे थेंब जमतात. ते पुसले तर रंग पसरतो, पंख्याखाली आपोआप सुकू द्यावेत.

रंग, नक्षी आणि अक्षरे

क्रीम पातळ होऊ नये म्हणून पाण्यासारख्या रंगाऐवजी जेल रंग घ्यावा. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी ते गुठळते, म्हणून त्याला तेलात मिसळणारा रंग लागतो. लाल आणि काळा रंग तासा-दोन तासांनी आपोआप गडद होतात, तेव्हा सुरुवातीलाच रंग वाढवत जाऊ नये. काळा रंग हवा असल्यास चॉकलेटच्या क्रीमपासून सुरुवात केली की थोडाच रंग पुरतो. बीटचा रस गुलाबी रंग देतो, तर गोकर्णाच्या फुलांचा अर्क निळा. मात्र त्यात लिंबू पडले की निळ्याचा जांभळा होतो.

नक्षीसाठी तारेच्या तोंडाचे एक नोझल आणि गोल तोंडाचे एक नोझल सुरुवातीला पुरेसे आहे. पिशवी सरळ उभी धरली की तारे आणि फुले उमटतात, तिरपी धरून ओढली की शिंपल्यांची किनार होते. स्टीलच्या ताटावर सराव करून तेच क्रीम पुन्हा पिशवीत भरता येते. देवनागरीत नाव लिहिताना आधी शिरोरेषा ओढावी आणि तिला अक्षरे लटकवावीत, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. अवघड चित्र वितळलेल्या कंपाउंड चॉकलेटने प्लॅस्टिकच्या कागदावर गिरवून, गार करून केकवर बसवता येते. ते उलटून बसते, म्हणून खालचे मूळ चित्र आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते.

फॉन्डंटचे प्राणी दोन-तीन दिवस आधी करून हवेत सुकवावेत आणि केकवर शेवटी ठेवावेत. मान किंवा पाय जोडायला टूथपिक वापरू नये, ती मुलाच्या तोंडात जाऊ शकते. कच्च्या स्पॅगेटीची कांडी तेच काम करते. दुमजली केकात खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉ किंवा काड्या उभ्या रोवून वरचा मजला पुठ्ठ्यावर ठेवावा, नाहीतर तो खाली रुततो.

जे दिसते ते खाता आले पाहिजे

सजावटीतली सर्वांत मोठी चूक चमक आणण्याच्या नादात होते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात 2018 मध्ये एका मुलाच्या पहिल्याच वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुले आजारी पडली. केकवरच्या चमकदार पावडरीत तांबे होते. पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असले, म्हणजे वस्तू खाण्याजोगी आहे असा अर्थ होत नाही. घटकांची यादी आणि खाद्यपदार्थ असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ती पावडर केकवर घालू नये. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि मेटानिल यलो किंवा ऱ्होडामाइन बी यांसारखे रंग त्यांत बसत नाहीत. सुट्या पुडीतला रंग स्वस्त असला तरी घेऊ नये.

खऱ्या फुलांनाही हाच नियम. फवारणी न केलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या चालतात. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत. ती केकला टेकवूही नयेत.

केक नेताना मांडीवर धरू नये. गाडीच्या सपाट तळावर, शक्यतो एसी लावून न्यावा. फॉन्डंटचा केक कापण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर ठेवला तर आतला लोण्याचा भाग मऊ होतो. क्रीमचा केक मात्र कापायच्या वेळीच फ्रिजमधून काढावा. थीम केकचे यश फोटोत मोजू नये. सजावटीसह शेवटचा तुकडा निर्धास्तपणे लहान मुलाच्या हाती देता आला, तरच तो केक जमला.