कुंकवाची करडी छटा

साताऱ्याकडील जुन्या घरांच्या भिंतींवर पणज्या-खापरपणज्यांची जी कृष्णधवल छायाचित्रे अद्याप टांगलेली आढळतात, त्यांपैकी अनेकांत कपाळीचे कुंकू काजळासारखे काळेभोर उमटलेले असते. पाहणाऱ्यास ती छायाचित्रकाराची कसूर वाटते; वस्तुतः त्या काळी चित्र टिपण्यासाठी कॅमेऱ्यात घालीत त्या काचा निळ्या-हिरव्या प्रकाशास सजग आणि तांबड्यास जवळजवळ अंध असत, याचाच तो अस्सल दस्तऐवज होय. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म रूढ झाली आणि कुंकू काळ्याचे करडे झाले. कोणत्या रंगास कोणती करडी छटा द्यावयाची, हा निवाडाच कृष्णधवल चित्रणाचा प्राण आहे. पूर्वी तो फिल्म आणि भिंगापुढील रंगीत काच निवडतानाच करावा लागे, आता तो चित्र घेतल्यावरही करण्याची मुभा आहे.

कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली सिद्ध केलेला पहिला डिजिटल कॅमेरा कृष्णधवलच होता. आजचा कॅमेरा मात्र बहुधा रंग टिपतो, आणि संगणकास नुसता ‘कृष्णधवल कर’ असा हुकूम सोडला तर तो सामान्यतः हिरव्याचा सुमारे ५९, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा ११ टक्के वाटा धरून हिशेब मांडतो. या सरकारी छापाच्या वाटपात तांबडे कुंकू आणि गर्द हिरवे लुगडे जवळपास एकाच छटेस येतात, आणि चित्र मिळमिळीत होते. म्हणून वाटा आपणच ठरवावा. तांबड्याचा वाढविला तर कांती उजळते, डाग लपतात, पण कुंकू पुसट होते. घटविला तर कुंकू ठसते, मात्र प्रत्येक सुरकुतीही साक्षीला उभी राहते. वृद्धेच्या चेहऱ्याला, माझ्या मते, दुसरी रीतच न्याय देते.

रहिमतपुरातील रणदुल्लाखानाची म्हणून प्रसिद्ध असलेली आदिलशाही काळातील कबर टिपताना निळ्याचा वाटा कमी केला, की आकाश गडद होऊन इमारतीचा आकार खुलतो. ही युक्ती मर्यादेबाहेर ताणली, तर मात्र आकाशात रवा उमटतो आणि घुमटाच्या कडेला एक खोटी पांढरी किनार दिसू लागते. हौशी मंडळींच्या चित्रांत ही किनार इतकी सर्रास आढळते, की तिलाच कला समजण्याचा प्रघात पडतो की काय, अशी शंका येते! डार्करूममध्ये एन्लार्जरखाली तळहात धरून कागदाचा एखादा भाग उजळ राखण्याची जी किमया जुने छायाचित्रकार करीत, तीही आता संगणकावर साधते, आणि चुकल्यास कागद वाया जात नाही.

एक तजवीज मात्र आधीच करावी. कॅमेऱ्यातच कृष्णधवल केलेल्या जेपेग फाइलीत रंगाची माहिती कायमची जाते, आणि करड्या छटा उरतात त्या केवळ २५६. ‘रॉ’ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, १४ बिटांची असेल, तर प्रत्येक बिंदूस १६,३८४ पायऱ्या मिळतात. तेव्हा चित्र ‘रॉ’मध्येच घ्यावे आणि मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी. घरातील जुन्या चित्रांची नक्कल करवून घेताना तर दुकानदारास बजावून सांगावे, की पणजीचे काळे कुंकू ‘सुधारू’ नका.