कामगाराच्या शेजारी उभा राहणारा यंत्रबाहू

कारखान्यातील यंत्रमानव म्हटला की लोखंडी जाळीआड फिरणारे अवजड धूड डोळ्यांपुढे येते. ही जाळी कामगाराच्या जिवासाठीच असते. वाटेत माणूस आला, हे त्या यंत्रास उमगत नाही. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे २००५ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीने निराळी वाट धरली. २००८ मध्ये विक्रीस आलेला तिचा ‘यूआर ५’ हा बाहू सुमारे १८ किलो वजनाचा असून ५ किलो भार उचलतो. त्यास सहा सांधे आहेत. सांध्यांतील मोटारींवर अकस्मात पडणाऱ्या ताणावरून त्यास अडथळ्याची जाणीव होते व तो थांबतो. हाताने धरून योग्य जागी नेला की ती जागा तो ध्यानी ठेवतो. त्यामुळे लहान कारखानदारासही तो कामास लावता येतो. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यातही असे बाहू वापरण्यात आले.

तथापि ‘सहयोगी’ या विशेषणाने हुरळून जाऊ नये. बाहू सौम्य असला, तरी त्याच्या मुठीत धारदार पाते दिल्यास इजा व्हायचीच. हत्यार, माल व जागा यांची एकत्रित तपासणी झाल्यावाचून जाळी हटविणे धोक्याचे होय. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक निर्देशात शरीराच्या कोणत्या भागास किती दाब सोसवतो, याचे कोष्टकच दिलेले आहे.